शेजाऱ्याच्या चार्जरचाही हिशेब: लघुदाब जाळ्यातल्या २ ते १५० किलोहर्ट्झ विकृतीचं मॉडेलिंग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हार्मोनिक्सचा अभ्यास झालेला आहे पण २ किलोहर्ट्झच्या पुढे कधी जावं लागलं नाही, अशा वीज अभियंत्यांसाठी आणि एम.टेक.ला हा विषय गळ्यात पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे पान आहे. पहिले दोन प्रश्न ओळखीपुरते आहेत. घाई असेल तर थेट चौथ्यावर जा, खरा गुंता तिथे आहे.

१. सुप्राहार्मोनिक्स म्हणजे हार्मोनिक्सच ना, फक्त वरचे?

नाही. नावामुळे फसगत होते खरी. हार्मोनिक म्हणजे ५० हर्ट्झची पूर्णांक पट: १५०, २५०, ३५० वगैरे. परंपरेने ही मोजणी चाळिसाव्या हार्मोनिकपर्यंत, म्हणजे २ किलोहर्ट्झपर्यंत जाते. त्यापुढच्या २ ते १५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातली विकृती म्हणजे सुप्राहार्मोनिक्स, आणि ती ५० हर्ट्झशी बांधलेली असेलच असं नाही. उपकरणातला ट्रान्झिस्टर सेकंदाला किती वेळा उघडझाप करतो यावर ती मुख्यतः ठरते. १५० किलोहर्ट्झच्या वर रेडिओ व्यत्ययाचे जुने, मुरलेले नियम आहेत. मधला पट्टा मात्र बरीच वर्षं बांधावरच्या जमिनीसारखा पडून होता. वीजवाले म्हणायचे हे ईएमसीवाल्यांचं (ईएमसी म्हणजे उपकरणांचा एकमेकांना होणारा विद्युतचुंबकीय व्यत्यय बघणारी शाखा), ईएमसीवाले म्हणायचे हे वीजवाल्यांचं. सुप्राहार्मोनिक्स हे नावच मुळी २०१३ च्या सुमारास रुळू लागलं.

२. ही विकृती येते कुठून?

छतावरच्या सोलर इन्व्हर्टरमधून (बरेचदा १६ ते २० किलोहर्ट्झच्या आसपास), विजेच्या गाड्यांच्या चार्जरमधून, इंडक्शन शेगडीतून, मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हमधून आणि पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या एलईडी दिव्यांतून. यांतले काही स्रोत एका वारंवारितेवर स्थिर राहतात, काही ५० हर्ट्झच्या एकाच आवर्तनात वर-खाली सरकतात. एलईडीचं स्विचिंग व्होल्टेजच्या लाटेबरोबर बदलणारं असेल, तर आलेखात एक टोकदार रेघ दिसत नाही, पसरट डोंगर दिसतो.

३. माझ्याकडे हार्मोनिक लोड फ्लोचं मॉडेल तयार आहे. तेच ५० किलोहर्ट्झपर्यंत ताणलं तर?

सॉफ्टवेअर उत्तर देईल. ते उत्तर चूक असेल.

साधं उदाहरण घ्या. आयईसी ६०७२५ मध्ये एक-फेज जोडणीसाठी जो संदर्भ इम्पिडन्स दिला आहे, तो ०.४ + जे ०.२५ ओहम आहे, ५० हर्ट्झला ('जे' म्हणजे काल्पनिक एकक j). यातला ०.२५ ओहम म्हणजे सुमारे ०.८ मिलिहेन्री. हेच इंडक्टन्स पुढे ओढत नेलं तर २० किलोहर्ट्झला १०० ओहम येतात. प्रत्यक्ष घराच्या प्लगपाशी या पट्ट्यात मोजलेले आकडे बहुधा याच्या कितीतरी खाली असतात, अनेकदा काही ओहमांच्याच घरात. तार तर तीच आहे, मग इम्पिडन्स गेला कुठे? तारेला समांतर जोडलेल्या उपकरणांत गेला. प्रत्येक आधुनिक उपकरणाच्या तोंडाशी ईएमआय फिल्टर (व्यत्यय अडवणारा) असतो आणि त्यात फेज-न्यूट्रलमध्ये एक कपॅसिटर. ५० हर्ट्झला तो असून नसल्यासारखा असतो. २० किलोहर्ट्झला तोच सगळ्यांत सोपा रस्ता होऊन बसतो.

हार्मोनिक्सच्या अभ्यासात 'नेटवर्क' म्हणजे रोहित्र आणि तारा, 'लोड' म्हणजे त्यावर लटकलेलं ओझं. या पट्ट्यात ही विभागणी मोडते. लोडच नेटवर्क असतं.

४. शेजारच्या उपकरणाने एवढा काय फरक पडणार? आकड्यांत दाखवा.

एक खांब, त्याच्यावरून जोडणी घेतलेली दोन घरं. पहिल्या घरातला इन्व्हर्टर १६ किलोहर्ट्झला १०० मिलिअँपिअर ढकलतो, असं धरू. खांबापासून रोहित्रापर्यंत १०० मीटर केबल आहे, फेज-न्यूट्रल मिळून लूपचं इंडक्टन्स मीटरला अर्धा मायक्रोहेन्री, म्हणजे एकूण ५० मायक्रोहेन्री. १६ किलोहर्ट्झला ते जे ५.०३ ओहम होतात. शेजारच्या घरात २.२ मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर आहे, म्हणजे उणे जे ४.५२ ओहम, मधल्या दहा मीटर वायरचे जे ०.५ ओहम मिळवा, राहतात उणे जे ४.०२. दोन्ही वाटांत रोध अर्धा-अर्धा ओहम.

आता करंट वाटून पाहा. शेजाऱ्याच्या कपॅसिटरमध्ये जातो सुमारे ३५५ मिलिअँपिअर. रोहित्राकडे जातो सुमारे २८५. स्रोत शंभराचा आणि दोन्ही वाटांवर तिप्पट! चूक नाही झालेली. दोन्ही करंट जवळजवळ उलट फेजमध्ये आहेत, त्यांची सदिश बेरीज शंभरच होते. हा समांतर अनुनाद (रेझोनन्स). ५० मायक्रोहेन्री आणि २.२ मायक्रोफॅरड यांची अनुनाद वारंवारिता १५.२ किलोहर्ट्झ येते आणि आपला इन्व्हर्टर नेमका तिच्या शेजारी जाऊन बसला आहे.

आता शेजाऱ्याने मोठा चार्जर आणला, कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा झाला. पुन्हा तोच हिशेब करा: शेजाऱ्याकडे सुमारे १०९ मिलिअँपिअर, रोहित्राकडे फक्त १५. म्हणजे रोहित्रापाशी मीटर लावून बसलेला अभियंता म्हणेल, 'सगळं स्वच्छ आहे.' तिकडे शेजाऱ्याचा कपॅसिटर मुकाट्याने गरम होत असेल.

आकडे मी हिशेबाच्या सोयीने निवडलेत आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा फिल्टर सोडून दिला आहे. तोही धरला की तिसरी वाट तयार होते आणि शिखर आणखी सरकतं. वहीवर करून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पाच पेपर वाचण्यापेक्षा जास्त कळतं.

५. प्राथमिक आणि दुय्यम उत्सर्जन असं वाचलं. ते काय?

वरच्या उदाहरणाचंच नाव. उपकरणाच्या तारेत मोजलेल्या करंटपैकी जो त्याच्या स्वतःच्या स्विचिंगमुळे आला तो प्राथमिक, आणि जो दुसऱ्या कोणाचा तरी येऊन आत शिरला तो दुय्यम. स्वीडनमधल्या लुलेओ तंत्रज्ञान विद्यापीठाच्या शेलेफ्तिओ इथल्या गटाने, मॅथ बोलेन आणि सारा रॉनबर्ग यांनी, ही मांडणी पुढे आणली. तिचा व्यवहारातला अर्थ असा की शेजाऱ्याच्या तारेत १६ किलोहर्ट्झ सापडले म्हणून गुन्हेगार तोच, असं ठरवता येत नाही.

६. उपकरणाचं मॉडेल कसं करायचं? नॉर्टन पुरेल का?

नुसता करंट सोर्स पुरत नाही, एवढं पहिल्यांदा पक्कं करा. बरेचसे जुने अभ्यास इथेच फसले: प्रयोगशाळेत एकदा करंट मोजला, तोच आकडा सगळीकडे सोर्स म्हणून ठोकला. प्रयोगशाळेतला करंट हा त्या प्रयोगशाळेच्या इम्पिडन्सचा करंट असतो.

नॉर्टन, म्हणजे सोर्सला समांतर इम्पिडन्स, ही कामाची पहिली पायरी. त्यासाठी किमान दोन वेगवेगळ्या इम्पिडन्सवर मोजावं लागतं किंवा बाहेरून छोटा सिग्नल टोचून उपकरणाचा प्रतिसाद बघावा लागतो. सोलर इन्व्हर्टरसाठी हे बरं चालतं, कारण तिथे कॉइल आणि कपॅसिटरचा एलसीएल किंवा एलसी फिल्टरच बहुतेक सगळं ठरवतो आणि फिल्टर रेषीय असतो.

साध्या डायोड ब्रिजच्या चार्जरपाशी गाडी अडते. ब्रिजमागचा मोठा कपॅसिटर जाळ्याला दिसतो तो फक्त डायोड चालू असतात तेवढा वेळ, म्हणजे व्होल्टेजच्या शिखरापाशी. एरवी तो गायब. त्यामुळे इम्पिडन्स सेकंदाला १०० वेळा बदलतो आणि २० किलोहर्ट्झ आत गेले की बाहेर १९.९ आणि २०.१ किलोहर्ट्झही येतात. एका आकड्याचं नॉर्टन हे दाखवू शकत नाही. तिथे वारंवारितांची सांगड घालणारं मॅट्रिक्स लागतं, किंवा काळाच्या अक्षावरचं पूर्ण मॉडेल.

पूर्ण मॉडेल, म्हणजे प्रत्येक स्विच, प्रत्येक कॉइल, नियंत्रणाचं लॉजिक हे सगळं. एका उपकरणासाठी ते छान आहे. पण फिल्टरच्या किमती आणि नियंत्रणाचा प्रोग्रॅम उत्पादक सहसा देत नाही, आणि तीस घरांची गल्ली अशी बांधली तर संगणक रात्रभर घरघरत बसतो. माझा कल असा: ज्या उपकरणाचा अभ्यास आहे ते पूर्ण मॉडेलमध्ये, बाकीचं शेजार मोजलेल्या इम्पिडन्ससह नॉर्टनमध्ये.

उपकरणाची अवस्था विसरू नका. गाडी चार्ज होत नसेल तर आतला कॉन्टॅक्टर उघडा असतो आणि फिल्टर जाळ्यापासून तुटलेला. काही इन्व्हर्टरांत रात्रीही थोडा कपॅसिटन्स जाळ्याच्या बाजूला राहतो. दुपारचं नेटवर्क आणि रात्रीचं नेटवर्क ही दोन वेगळी नेटवर्कं आहेत.

७. एका डीपीवर सोळा सारखे इन्व्हर्टर आहेत. विकृती सोळा पट?

नाही. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, फेज वेगळा. फेज यादृच्छिक धरले तर बेरीज वर्गमुळाने वाढते, म्हणजे सरासरीने चार पट. वर प्रत्येक इन्व्हर्टर आपला कपॅसिटरही घेऊन येतो, त्यामुळे रोहित्राकडे जाणारा भाग आणखी कमी राहू शकतो. लुलेओच्या गटाने फ्लुओरेसंट दिवे एकेक वाढवत हेच दाखवलं होतं: करंट दिव्यादिव्यांत फिरतो, जाळ्याकडे फारसा वाढत नाही.

एक गंमत मात्र होते. एकाचं स्विचिंग १६,००० हर्ट्झ आणि दुसऱ्याचं १६,००३ असेल, तर बेरीज सेकंदाला तीन वेळा फुगते आणि आटते. तानपुऱ्याच्या किंचित बिघडलेल्या जोडतारा जशा हेलकावतात तशी. २०० मिलिसेकंदांच्या मोजमाप-खिडकीत विभेदन ५ हर्ट्झचं, म्हणून या दोन रेघा वेगळ्या दिसत नाहीत. एक वाचन मोठं येतं, पुढचं लहान, आणि माणूस मीटरला शिव्या देतो.

८. केबल कशी मांडायची?

२० किलोहर्ट्झला तांब्यात करंट पृष्ठभागाच्या साधारण ०.४७ मिलिमीटर थरात वाहतो. ५० हर्ट्झला हीच खोली ९ मिलिमीटरांहून जास्त असते. म्हणजे रोध वारंवारितेनुसार बदलता ठेवायलाच हवा, नाहीतर अनुनादाचं शिखर खऱ्यापेक्षा फार उंच दिसेल. लांबीचं म्हणाल तर केबलमध्ये लाटेचा वेग प्रकाशाच्या निम्मा धरल्यास १५० किलोहर्ट्झला तरंगलांबी १ किलोमीटर येते, पाव तरंग २५० मीटर. एवढ्या लांबीच्या फीडरला एकच पाय (π) सेक्शन चालणार नाही; तुकडे करा किंवा वितरित मॉडेल वापरा. २० किलोहर्ट्झपर्यंतच काम असेल तर इतकी काळजी नको.

न्यूट्रल आणि अर्थ वेगळे मांडा. करंट कुठून परततो यावर लूपचं इंडक्टन्स ठरतं.

९. रोहित्राच्या पलीकडचं, उच्चदाबाचं जाळं घ्यायचं का?

बहुतेक अभ्यासांत नाही. रोहित्राचं गळती इंडक्टन्स आणि वाइंडिंगमधला कपॅसिटन्स घ्या आणि थांबा.

१०. मोजमापात काय चुकतं?

मुख्य अडचण प्रमाणाची. ५० हर्ट्झचे १० अँपिअर वाहत असताना तुम्हाला १० मिलिअँपिअर शोधायचे आहेत. १२ बिटच्या उपकरणावर ±२० अँपिअरची रेंज ठेवली तर एक पायरीच साधारण १० मिलिअँपिअरची होते. म्हणून आधी हाय-पास फिल्टरने ५० हर्ट्झ कापा, मग मोजा. करंट क्लॅम्प कुठल्या वारंवारितेपर्यंत खरं बोलतो ते त्याच्या कागदात बघा. साधे क्लॅम्प काही किलोहर्ट्झलाच हात टेकतात.

दुसरी चूक माझी स्वतःची. सुरुवातीच्या दिवसांत सेकंदाला एक लाख नमुने घेणाऱ्या कार्डाने मोजत होतो, अँटी-अलियासिंग फिल्टर न लावता. ३० किलोहर्ट्झला सुंदर, स्थिर शिखर मिळालं. दोन आठवडे मी त्याचं मॉडेल जुळवत होतो. खरा स्रोत ७० किलोहर्ट्झचा होता. तो आरशातून परतून ३० वर दिसत होता. सिम्युलेशनमध्येही हाच खड्डा आहे: १० मायक्रोसेकंदांची पायरी म्हणजे ५० किलोहर्ट्झच्या पुढचं सगळं खोटं. १५० किलोहर्ट्झपर्यंत जायचं तर १ मायक्रोसेकंद किंवा त्याहून बारीक पायरी ठेवा.

११. मर्यादा कुठल्या मानकात आहेत?

तुकड्यातुकड्यांत. आयईसी ६१०००-३-२ हे १६ अँपिअरपर्यंतच्या उपकरणांना चाळिसाव्या हार्मोनिकपर्यंतच बांधतं. दिव्यांना सिस्प्र (CISPR, रेडिओ व्यत्ययाची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती) १५ आणि इंडक्शन शेगड्यांना सिस्प्र १४-१ हे ९ किलोहर्ट्झपासून लागू. जाळ्यात किती व्होल्टेज चालेल याची सुसंगतता पातळी आयईसी ६१०००-२-२ मध्ये २०१७ च्या दुरुस्तीने ३० किलोहर्ट्झपर्यंत आणि २०१८ च्या दुरुस्तीने १५० किलोहर्ट्झपर्यंत आली. ही पातळी म्हणजे एखाद्या उपकरणाची उत्सर्जन मर्यादा नव्हे; हा गोंधळ परीक्षेतही होतो आणि टेंडरमध्येही.

१२. एवढं करून त्रास खरंच होतो का, की हा संशोधकांचा छंद आहे?

होतो, पण रोज आणि सगळीकडे नाही. युरोपात अनेक ठिकाणी स्मार्ट मीटर विजेच्या तारेवरूनच संदेश पाठवतात. जी३ आणि प्राइम या पद्धती साधारण ३५ ते ९१ किलोहर्ट्झ वापरतात. त्या पट्ट्यात एखादा खराब इन्व्हर्टर बसला की मीटर मुके होतात. शिवाय शेजारचा फिल्टर कपॅसिटर संदेशच गिळून टाकतो, तो प्रकार जास्त छळतो, कारण तिथे गोंगाट मोजूनही काही सापडत नाही. २० किलोहर्ट्झच्या खाली असेल तर कानाला ऐकू येणारी शिट्टी, टच डिमरचे दिवे आपोआप लागणं-विझणं, हेही नोंदलेलं आहे.

मीटरच्या चुकीच्या वाचनाची नेदरलँड्समधली गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. ट्वेंटे विद्यापीठात फ्रँक लेफेरिंक यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत नऊपैकी पाच मीटरांनी जास्त वाचन दिलं, कमाल ५८२ टक्के जास्त; दोघांनी सुमारे ३० टक्के कमी. पण तिथे डिमरवरचे दिवे करंटच्या अगदी तीव्र कडा तयार करत होते आणि जास्त वाचनाचा ठपका मीटरमधल्या रोगोव्स्की कॉइलवर, म्हणजे करंट मोजणाऱ्या सेन्सरवर, आला. तुमच्या बिलाशी या गोष्टीचा संबंध लगेच जोडू नका.

१३. युरोपातलं मॉडेल महाराष्ट्रातल्या फीडरला लावलं तर चालेल?

रचना चालेल, आकडे नाही. त्यांच्याकडचे बरेचसे अभ्यास जमिनीखालच्या केबलवर आहेत. आपल्याकडे शहराबाहेर खांबांवरच्या उघड्या तारा असतात. तारांत ३० सेंटिमीटर अंतर धरलं तर लूपचं इंडक्टन्स मीटरला सुमारे १.७ मायक्रोहेन्री येतं, केबलच्या तिप्पट-चौपट. चौथ्या प्रश्नातलं १५.२ किलोहर्ट्झचं शिखर त्याच कपॅसिटरला १०० मीटर उघड्या तारेवर ८.२ किलोहर्ट्झवर उतरतं.

दुसरा फरक कृषिपंपाच्या शंट कपॅसिटरचा. ४१५ व्होल्टला २ केव्हीएआरचा डेल्टा कपॅसिटर म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे १२ मायक्रोफॅरड. १६ किलोहर्ट्झला जेमतेम ०.८ ओहम. गावातल्या सोलर इन्व्हर्टरचा कचरा तो एकटा पोटात घेईल. पण त्याच्या दोन मीटर जोडवायरीचं साधारण २ मायक्रोहेन्री धरलं, तर ३२ किलोहर्ट्झच्या वर तो कपॅसिटर राहतच नाही, कॉइलसारखा वागतो. जोडवायर मॉडेलमध्ये घातली नाही तर हे दिसणार नाही. याउलट छताच्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मोजू नका. तो वाइंडिंगच्या मागे आहे, या वारंवारितेला जाळ्याला दिसत नाही.

प्रश्न आत्ताच का, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य एक कोटी घरांचं आहे आणि ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं. एकाच डीपीवर लहान इन्व्हर्टरांची दाटी होणार हे उघड आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०१३ चे नियम विकेंद्रित निर्मितीच्या हार्मोनिक्ससाठी आयईईई ५१९ या मानकाकडे बोट दाखवतात, आणि तिथली मोजणी पन्नासाव्या हार्मोनिकला, म्हणजे २.५ किलोहर्ट्झला थांबते.

१४. फिल्टर बसवला की प्रश्न मिटला ना?

स्वतःच्या इन्व्हर्टरचा मिटेल. पण तुमचा नवा कपॅसिटर आता इतरांचे करंट बोलावून घेणार आणि गल्लीतला अनुनाद नव्या जागी नेणार. कपॅसिटरसोबत थोडा रोध, म्हणजे डॅम्पिंग, घाला आणि फिल्टर मॉडेलमध्ये बसवूनच आकार ठरवा.

१५. मॉडेल बरोबर आहे हे कसं तपासायचं?

आलेख एकमेकांवर ठेवून 'जुळतोय' म्हणणं सोडा. दोन मोकळे आकडे असले की कुठलाही आलेख जुळवता येतो. जाऊन काहीतरी बदला. शेजारच्या घरातला चार्जर काढायला सांगा आणि शिखर किती किलोहर्ट्झ सरकेल ते मॉडेलकडून आधी लिहून घ्या. मग मोजा. शिखराची जागा बरोबर आली आणि उंची चुकली, तर तुमचा रोध चुकला आहे: आठव्या प्रश्नाकडे परत जा. जागाच चुकली तर कुठल्यातरी बंद खोलीत तुम्ही न मोजलेला कपॅसिटर आहे. सोसायटीत असाल तर आधी लिफ्टच्या मशीनरूममधला ड्राइव्ह बघा.